‘आतड्याची हालचाल’ आणि खिडकीला टांगलेली वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरपोच रुग्णसेवेवरचा लेख वाचला. टॅबलेट, मोबाईलला जोडलेलं बीपीचं मशीन, दंडावर चिकटवायचा साखरेचा सेन्सर, सगळं त्यात होतं. फोटोही छान होता, कडक इस्त्रीच्या गणवेशातली सिस्टर हसत उभी. आमच्याकडे मे महिन्यात इस्त्री सकाळी नऊपर्यंतसुद्धा टिकत नाही, ते असो. लेखात चुकीचं काही नव्हतं. पण एका पेशंटच्या घरी आम्ही चार-पाच जण मिळून काम करतो आणि या उपकरणांनी आमचं आपसातलं काम कसं बदललं, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण वहीचा भाग ठेवा.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली परिचारिका. 26 वर्षं वॉर्डात काढली आणि आता सात वर्षं धुळ्यात घरोघरी जाते. कॅथेटर बदलणं, ड्रेसिंग, नाकातली नळी, बेडसोअरची जखम, अशी कामं. देवपूर, साक्री रोड, जुन्या धुळ्यातल्या नंबराच्या गल्ल्या. कधी कुसुंबा, फागणे. माझी जुनी स्कूटी हाच माझा दवाखाना. आमच्या शहरात असली घरं वाढतायत, कारण मुलं पुण्यात नाहीतर परदेशात आणि आईवडील इथे. एजन्सी माणसं पुरवते. दिवसाची मावशी, रात्रीचा ब्रदर म्हणजे पुरुष परिचारक, आठवड्यातून दोनदा मी, तीनदा फिजिओ, आणि औषधं ठरवणारे डॉक्टर. पगारावर सही करणारा मुलगा पुण्यात आणि आम्हा सगळ्यांवर देखरेख करणारा कोऑर्डिनेटर नाशकात.

ज्या घराबद्दल लिहितेय ते देवपुरातलं, एका निवृत्त शिक्षकांचं. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. डाव्या अंगावरून वारं गेलेलं, त्यात पंधरा वर्षांचा मधुमेह. बोलणं थोडं जड, पण गिळायला त्रास नाही आणि डोकं तल्लख. मावशी नागावहून येते. वयाने ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण या धंद्यात सगळ्या मावशाच. शिक्षण सातवी.

त्या घरात पहिली दोन वर्षं एक वही होती. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची, कोपऱ्याला भोक पाडून नाड्याने खिडकीच्या गजाला टांगलेली, शेजारी पेन लोंबकळतंय. वॉर्डातली सवय म्हणून मी नियम घालून दिला होता, दिवसाचं निळ्या पेनाने आणि रात्रीचं लाल. मावशीचं अक्षर मोठं आणि तिरकं. ती लिहायची, ‘शी नाही. लघवी 4 वेळा, पिवळी. पोळी एक. आज गुरुजी गुमसुम, नातवाचा फोन नाही आला.’ ब्रदर खाली लाल पेनाने लिहायचा, ‘रात्री दोनदा उठले, टाच लाल दिसते.’ सकाळी मावशी टाच बघायची, खाली उशी सरकवायची. शुक्रवारी मी गेले की आधी वही वाचायचे, मग पेशंटला हात लावायचे. फिजिओही वाचायचा आणि ‘गुमसुम’ असेल त्या दिवशी व्यायाम जरा बेतानेच घ्यायचा. डॉक्टर आले की चष्मा कपाळावर चढवून तीन पानं मागे जायचे. मावशी श्रावणात कानबाईच्या सणाला गावी गेली तेव्हा बदलीवर आलेल्या बाईने वही अर्धा तास वाचली आणि दुपारपर्यंत गुरुजींना काय आवडतं, कुठे दुखतं, सगळं तिला ठाऊक होतं.

मग एजन्सीने टॅबलेट दिला आणि वही बंद करायला सांगितलं. ‘दोन ठिकाणी नोंद नको’ हे कारण वाजवी होतं. मी स्वतःच वही काढून कपाटात ठेवली.

टॅबलेटमध्ये प्रत्येकाचा लॉगिन वेगळा. मावशीला मावशीचे रकाने, ब्रदरला ब्रदरचे, मला माझे. मावशीने काय भरलं ते मला नाशिकहून अहवाल आला तर कळणार, ब्रदरने काय भरलं ते मावशीला कधीच कळणार नाही. सगळं दिसतं ते फक्त कोऑर्डिनेटरला, हिरव्या-लाल ठिपक्यांत. माहिती वर जायला लागली, आडवी जायची थांबली. मला एवढंच सांगायचंय, बाकी सगळी त्याची उदाहरणं.

मावशीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, ‘आतड्याची हालचाल झाली का? होय / नाही’. कुठल्या तरी इंग्रजी फॉर्मचं हे शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी. मावशी रोज ‘होय’ दाबत होती. पाचव्या दिवशी मी गेले तर गुरुजींचं पोट टम्म, जेवण नको म्हणतायत, चिडलेले. विचारलं, शी कधी झाली? आजी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, म्हणाल्या, चार-पाच दिवस झाले असतील. मी मावशीकडे वळले, अगं मग रोज ‘होय’ का भरतेस? ती गांगरली. ‘ताई, पोटमा गुडगुड तं रोजच व्हस!’ आतडी हलतायत म्हणजे पोटात गुडगुड होतेय, असा तिने अर्थ लावला होता, आणि मला विचाराल तर त्या शब्दांचा सरळ अर्थ तोच होतो. तिकडे नाशकात पाचही दिवस हिरवा ठिपका. एनिमा द्यावा लागला. वहीत तिने पहिल्याच दिवशी ‘शी नाही’ लिहिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ब्रदरने आजींना एरंडेलाची आठवण केली असती.

यावर हसू आलं तर हसा, मीही हसले. दुसऱ्या प्रसंगात हसण्यासारखं काही नव्हतं.

आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा आठवडा. त्या दिवशी धुळ्यात पारा 43च्या वर होता, कूलरमधून गरमच हवा येत होती. पुण्याच्या मुलाने वडिलांसाठी साखरेचा सेन्सर आणला होता. दंडावर बसवला की चौदा दिवस चालतो, सारखं बोट टोचायला नको. चांगली वस्तू आहे. फक्त हे लक्षात ठेवावं की तो रक्तातली साखर थेट मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो. साखर भरभर उतरत असेल तेव्हा ती काही मिनिटंही मोठी असतात. साखर 70च्या खाली गेली की तो अलार्म देतो, पण अलार्म वाजतो ज्याच्या मोबाईलला तो जोडलेला आहे तिथे. जोडला होता मुलाच्या मोबाईलला.

सकाळी साडेसातला ब्रदरने इन्सुलिन दिलं. गुरुजींनी अर्धा उपमा खाल्ला आणि ताट सरकवलं. ब्रदरने त्याच्या रकान्यात ‘नाश्ता : अर्धा’ असं भरलं, म्हणजे त्याच्या बाजूने कसूर नाही. आठला त्याची हजेरी बंद होते, साडेआठला त्याला दुसऱ्या घरी हजेरी लावायची असते, जागेचा फोटो काढून. तो गेला. मावशीची एसटी त्या दिवशी उशिरा आली, ती आठ वाजून दहा मिनिटांनी पोचली. दोघांची गाठ पडली नाही. अर्धा उपमा त्याच्या लॉगिनमध्ये राहिला. मावशीला माहीत असतं तर तिने दहाला दूध-पोळी कुस्करून भरवली असती, हे ती डोळे मिटून करते.

साडेअकराच्या सुमाराला गुरुजींना घाम सुटला. मे महिन्यात धुळ्यात घाम कोणाला सुटत नाही? मावशीने कूलरमध्ये पाणी ओतलं. तिकडे पुण्यात मुलाच्या मोबाईलवर अलार्म वाजत होता, मोबाईल सायलेंटवर आणि मुलगा मीटिंगमध्ये. नाशकात लाल ठिपका दिसला, कोऑर्डिनेटरने नियमाप्रमाणे ‘ड्यूटीवरील कर्मचारी’ यांना ॲपवर संदेश पाठवला. टॅबलेट स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता.

गुरुजींना वाचवलं ते मावशीच्या तळहाताने. अंग पुसायला गेली तर तिला अंग गार लागलं. बाहेर लू चाललीय आणि माणूस गार! ॲपचा नियम असा की कर्मचाऱ्यांनी एकमेकांना परस्पर फोन करायचा नाही, सगळं ॲपवरून. तिने नियम मोडून मला फोन लावला. ‘ताई, बाबास्नं आंग गार पडी गय, घाम सुटेल शे, आनि काय बोलतस ते समजत नही.’ मी गल्ली नंबर चारमध्ये एका आजींचं ड्रेसिंग करत होते. म्हटलं, जुनं मशीन काढ, बोट टोच. 54 आलं. गुरुजींना टेकवून बसव, गिळतायत का बघ, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून हळूहळू पाज, पंधरा मिनिटांनी परत टोच. पंधरा मिनिटांनी 83. मग दूध-पोळी. मी पोचले तेव्हा गुरुजी मावशीला ओरडत होते की साखरेचं पाणी फार गोड केलं. म्हणजे सगळं ठीक होतं.

संध्याकाळी मावशीला ॲपवर सूचना आली, ‘संदेशाला 40 मिनिटे उत्तर नाही’. आणि परस्पर फोन केल्याबद्दल एक वेगळी समज.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. वॉर्डात काचेचे थर्मामीटर झटकून हात दुखवून घेतलेल्या पिढीतली आहे मी. टॅबलेटने दिलेलं बरंच काही मोजून दाखवू शकते. बेडसोअरचा दर सोमवारी एकाच अंतरावरून काढलेला फोटो असला की जखम भरतेय की आतून पोखरतेय ते डॉक्टरांना न येता कळतं. एका पावसाळ्यात पांझरेला पूर होता आणि डॉक्टर नदीच्या पलीकडे अडकले, तेव्हा व्हिडिओवर त्यांनी मला औषधाचा डोस बदलून दिला. केंद्र सरकारच्या 25 मार्च 2020च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पेशंटजवळ असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याने डॉक्टरांशी बोलण्याची वाट स्पष्ट दिलेली आहे, त्यामुळे हे चोरून करावं लागत नाही. हजेरी मोबाईलवर लागते म्हणून मावशीच्या पगारातून ‘तू उशिरा आलीस’ म्हणत मनमानी कापाकापी होत नाही. आणि ब्रदर, जो डॉक्टरांना रात्री फोन करायला घाबरायचा, तो आता बीपीचा आकडा पाठवून मोकळा होतो.

एक कबुलीही देते. पूर्वी बीपी फक्त मी बघायचे. पट्टा बांधायचा, स्टेथोस्कोप कानाला लावायचा, आणि घरातले सगळे गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघायचे. आता मशीन मावशीच्या हातात आहे, बटण दाबलं की आकडा. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, ताई, एकशे अडतीस-ब्याऐंशी, लिहून घ्या. मला कुठेतरी लागलं, खोटं कशाला बोलू? पण आठवड्याभरात बरं वाटायला लागलं, कारण ती प्रश्न विचारू लागली. पाय लोंबकळत ठेवून बसवलं तर आकडा वेगळा का येतो? मशीन लावायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवायचं का? हाताला मेंदी असली की बोटावरच्या ऑक्सिजनच्या मशीनला नीट वाचता येत नाही, हे तिनेच एका लग्नघरातल्या आजींच्या वेळी पकडलं, मी बोट बदलायला सांगायच्या आधी. मोजणं तिच्याकडे आणि आकड्याचा अर्थ आम्ही दोघींनी मिळून लावायचा, ही विभागणी वॉर्डातल्या जुन्या उतरंडीपेक्षा कितीतरी चांगली. पण त्यासाठी दोघींना बोलायला मिळायला हवं ना.

दर दोन तासांनी कूस बदलायची, हा बेडसोअर टाळायचा जुना नियम. ॲपमध्ये दिवसाच्या पाळीला त्याच्या सहा टिका, म्हणजे ‘केलं’ अशा खुणा असतात. मावशी कूस इमानाने बदलते, टिका मात्र संध्याकाळी एकदम सहा मारते, कारण हात ओले असतात, टॅबलेट लॉक होतो, पासवर्डमध्ये इंग्रजी मोठं अक्षर आहे. मग नाशिकहून विचारणा, सगळ्या टिका 6 वाजून 52 मिनिटांनी कशा? आता ती टिका वेळेवर मारते. एकदा मी बघितलं, तिने आधी टीक मारली, मग कूस बदलायला उठली, तेवढ्यात आजींनी हाक मारली आणि कूस राहून गेली. हिरवा ठिपका मात्र वेळेवर लागलेला.

कॅमेऱ्याचंही सांगते. पुण्याच्या मुलाने गुरुजींच्या खोलीत एक कॅमेरा बसवलाय. मुलाची काळजी मला समजते. पण कॅमेरा लागल्यापासून मावशी गुरुजींशी अहिराणीत गप्पा मारत नाही, खुर्चीवर ताठ बसते, टाईमपास करतेय असं दिसू नये म्हणून. गुरुजींना सगळ्यात जास्त व्यायाम त्या गप्पांनी व्हायचा, जिभेचा. आणि स्पंजिंगच्या वेळी तिने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला तर ‘कॅमेरा झाकू नये’ असा संदेश आला. गुरुजींना कळलं तेव्हा त्यांनी स्वतः उजव्या हाताने काठी उचलून कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे केलं. चाळीस वर्षं मुलांना शिस्त लावलेला माणूस. आता अंघोळीच्या वेळी टॉवेल चालतो. डेटा संरक्षणाचा कायदा 2023मध्ये झाला, पण उघड्या पाठीचे, जखमेचे फोटो किती जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, हे आम्ही रोज बघतो.

हे फक्त पैसे देऊन सेवा घेणाऱ्या घरांचं दुखणं नाही. माझ्या शेजारी एक आशाताई राहते. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाला तिला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बघायचं असतं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली, आणि तिची ताकद कुठल्याही यंत्राआधी गावातल्या बाईच्या नजरेत होती. आता आशाताई बाळाचं तेच वजन तिच्या वहीत लिहिते, सिस्टरच्या रजिस्टरसाठी सांगते आणि मोबाईलमध्येही भरते. वाड्यावर रेंज नाही म्हणून घरी आल्यावर रात्री भाकरी थापता थापता भरते. सिस्टर आणि ती पूर्वी लसीकरणाच्या दिवशी बाळांबद्दल बोलायच्या. आता, ती म्हणते, दोघी शेजारी बसून आपापल्या मोबाईलमध्ये मान घालून असतो.

पाळी बदलताना माहिती नीट हातात देणं हे काही माझं खूळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2007मध्ये रुग्णसुरक्षेसाठी जे नऊ उपाय सांगितले, त्यात हे एक आहे. वॉर्डात आम्ही त्याला ओव्हर देणं म्हणायचो. ओव्हर दिल्याशिवाय सिस्टर वॉर्ड सोडत नसे, मग घरी स्वयंपाक पडलेला असला तरी. गुरुजींच्या घरी ओव्हर व्हायचा चहावर. आजी सकाळी आठला तीन कप ठेवायच्या, ब्रदर जाता जाता आणि मावशी येता येता प्यायची, आणि त्या दहा मिनिटांत अर्धा उपमा, लाल टाच, रात्रीचा खोकला, सगळं इकडून तिकडे जायचं. ॲपच्या हिशोबात ती दहा मिनिटं कोणाचीच नाहीत. एकाची पाळी आठला संपते, दुसरीची आठला सुरू होते. चहाला जागाच नाही.

एजन्सीवाल्यांना माझी मागणी अवघड नाही. पाळी बदलतानाच्या दहा मिनिटांचे पैसे दोघांनाही द्या. पेशंटचं एक पान असं ठेवा की जे त्या घरात काम करणाऱ्या प्रत्येकाला दिसेल, फिजिओलाही. टाईप करता येत नसेल तर बोलून नोंदवू द्या; मावशी अहिराणीत बोलली तर ब्रदरला कळतं, मला कळतं, डॉक्टरांनाही कळतं, ते शिंदखेड्याचेच आहेत. अलार्म पुण्यात वाजू द्या, पण आधी पलंगाजवळ वाजू द्या. परस्पर फोन करू नका हा नियम काढून टाका. आणि ‘आतड्याची हालचाल’च्या जागी ‘शी झाली का?’ असं लिहा. लाज वाटत असेल तर ‘संडास झाली का?’ लिहा.

त्या प्रसंगानंतर मी गुरुजींच्या मुलाशी बोलले. त्याने ऐकून घेतलं, आणि सेन्सर आता आजींच्या मोबाईललाही जोडलाय, आवाज मोठा ठेवून. वही मी कपाटातून काढून परत गजाला बांधली. कोऑर्डिनेटरचा फोन आला, सिस्टर, दोन ठिकाणी नोंद नको असं ठरलं होतं. मी म्हटलं, बरोबर आहे, मग टॅबलेट बंद करा. तो हसला. अजून तरी दोन्ही चालू आहेत.

ॲपची पुढची आवृत्ती येतेय असं तो म्हणाला. ती बनवणाऱ्यांनी एकदा देवपुरात यावं, मावशीला शेजारी बसवून एकेक रकाना वाचून दाखवावा आणि तिला काय कळलं ते विचारावं. चहा आजी ठेवतील. फक्त सव्वाआठच्या आधी येऊ नका, नागावची एसटी आली नसते.

कृपया नाव छापू नये.

आपली वाचक,
एक घरपोच सेवा देणारी परिचारिका
देवपूर, धुळे